हृदयातला स्टेंट राहतो, किडनीतला काढायचा असतो

लातूरहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आवरून देते.

"सिस्टर, आमच्या मिस्टरांचं वय ४७. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. उजव्या कुशीत दुखायचं म्हणून सीटी स्कॅन केला, तर उजव्या किडनीत अगदी खालच्या बाजूला १८ मिलिमीटरचा खडा निघाला. इथले डॉक्टर म्हणाले, पाठीतून बारीक छिद्र करून दुर्बिणीने काढू. पुण्यात दाखवलं तर तिथले म्हणाले, छिद्र कशाला, लघवीच्या जागेतून दुर्बीण वर नेऊन लेझरने फोडू. पण खर्च जवळजवळ दुप्पट. दोघंही दुर्बीणच म्हणतात, मग फरक कशाचा? शिवाय दोघंही म्हणाले की नंतर आत स्टेंट राहील. माझ्या सासऱ्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यामुळे आता ह्यांच्याही अंगात कायमची वस्तू राहणार म्हणून घरात सगळे घाबरलेत. सासूबाई म्हणतात, महिनाभर हुलग्याचं माडगं पाजा, खडा विरघळेल. आणि नणंदेचा मुलगा म्हणतो, ती दुर्बीण एकाची दुसऱ्याला वापरतात. खरं काय?"

ताई, मी डॉक्टर नाही. यूरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या ऑपरेशन थिएटरात (ओटीत) ३१ वर्षं काढली. या दुर्बिणी धुतल्या, पुसल्या, सर्जनच्या हातात दिल्या, आणि एकदा एक मोडलेली बघून स्टोअररूममध्ये जाऊन रडलेही. तेव्हा मिस्टरांना तपासल्यासारखा निवाडा मी देणार नाही. पण कुठे काय विचारायचं आणि कशाला घाबरायचं नाही, एवढं नक्की सांगते. आणि सुरुवात स्टेंटपासून करते. तुम्ही तो जाता जाता विचारलाय, पण मेख तिथेच आहे.

नाव एक, वस्तू दोन. सासऱ्यांच्या हृदयात बसवलाय तो धातूच्या जाळीचा इवलासा नळा. तो रक्तवाहिनीत फुलवतात, हळूहळू त्यावर आतलं अस्तर चढतं आणि तो तिथेच जन्मभर राहतो. किडनीचा स्टेंट म्हणजे मऊ प्लॅस्टिकची नळी. लांबीला एक वीत आणि वर दोन-तीन बोटं, जाडीला बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक. दोन्ही टोकं डुकराच्या शेपटीसारखी वळलेली. एक वळण किडनीत अडकतं, दुसरं मूत्राशयात, म्हणून नळी खाली-वर सरकत नाही. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय सगळे तिला "डीजे" म्हणतात. "पेशंटला डीजे लावलाय" हे ऐकून एका आजींनी मला विचारलं होतं, "दवाखान्यात गाणी कशाला गं?" दोन्ही टोकांना इंग्रजी 'जे' अक्षराचं वळण असतं, म्हणून डबल जे, म्हणून डीजे. लग्नाच्या वरातीशी संबंध नाही.

ती कशासाठी ठेवतात? खडा फोडल्यावर मूत्रनलिका, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, आतून सुजते. खड्याची पूड, रक्ताची एखादी गुठळी त्यात अडकली की लघवी किडनीत तुंबते, आणि मग कळ अशी येते की माणूस गडबडा लोळतो. नळी आत असली की लघवी तिच्यातून आणि तिच्या बाजूनेही वाहत राहते. दोन-चार आठवड्यांत सूज उतरली की नळीचं काम संपलं.

काम संपलं की ती काढलीच पाहिजे. आत राहिली तर लघवीतले क्षार तिच्यावर बसायला लागतात. बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर चढतो ना, तसाच. साधारणपणे तीन महिन्यांच्या पुढे ती ठेवत नाहीत. ज्यांना खडे होण्याची सवय आहे त्यांच्या नळीवर थर आणखी लवकर चढतो.

आमच्याकडे एकदा एक गृहस्थ आले, ट्रक चालवायचे. लघवीला आग, कंबर धरलेली, अधूनमधून ताप. एक्स-रे लावला आणि आम्ही सगळे गप्प झालो. नळीच्या वरच्या वळणावर लसणाच्या गड्ड्याएवढा पांढरा गोळा, खालच्या वळणावर त्याहून मोठा. नळी घालून साडेतीन वर्षं झाली होती. मी विचारलं, "भाऊ, काढायला का नाही गेलात?" ते म्हणाले, "मेहुण्याच्या हृदयात बसवलाय, त्याचा कुठं काढला? मला वाटलं माझा पण राहणार." डिस्चार्ज कार्डावर तीन आठवड्यांनी येण्याचं लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत, खालच्या कोपऱ्यात. तोंडी कुणी बजावलं नव्हतं. जी नळी पाच मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी त्यांची दोन ऑपरेशनं झाली. एकात मूत्राशयातला गोळा फोडला, दुसऱ्यात पाठीतून जाऊन वरचा. त्या दवाखान्याचा मला आजही राग आहे. पण खरं सांगू, त्यानंतर मी आमच्या स्वतःच्या वॉर्डातली जुनी कार्डं काढून बघितली, तर तिथेही सगळ्यांवर मराठीत लिहिलेलं नव्हतं.

म्हणून ताई, तुमच्या घरात सासऱ्यांचा स्टेंट आहे हे वाचून मी सावध झाले. घोटाळा अशाच घरात होतो. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड हातात घ्या आणि त्यावर "डीजे" शब्द शोधा. शेजारी बहुधा ६/२६ असं काहीतरी असेल. पहिला आकडा जाडीचा, "फ्रेंच" नावाच्या मापात. पॅरिसमध्ये शारिएर नावाचा उपकरणं बनवणारा कारागीर होता, त्याच्यापासून हे माप चालत आलंय. हिशोब सोपा, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. तेव्हा ६ म्हणजे २ मिलिमीटर जाड. दुसरा आकडा लांबीचा, २६ सेंटिमीटर. हे माप पाठ करायची गरज नाही, पण पुढे दुर्बिणीच्या वेळी लागेल म्हणून सांगितलं. काढायची तारीख मात्र तिथेच विचारून घ्या आणि घरी आल्या आल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. डॉक्टरांकडून फोन येईल म्हणून थांबू नका.

नळी असेपर्यंत मिस्टर कुरकुरतील. लघवी सारखी येईल, आल्यावर धरवणार नाही, आणि लघवी करताना उजव्या कुशीत वर कळ जाईल, कारण नळीमुळे थोडी लघवी उलटी वर चढते. जास्त चालणं झालं, मोटारसायकलवर खड्ड्यांतून फिरणं झालं की लघवी लालसर होते, पाणी पिऊन पडून राहिलं की निवळते. हे सगळं चालायचंच. टॅम्सुलोसिन नावाची गोळी बहुतेक डॉक्टर देतात, तिने बरं वाटतं. पण त्या गोळीवर असताना अंथरुणातून झटकन उठू नये, चक्कर येते. लघवी टोमॅटोच्या साराच्या रंगाची झाली, गुठळ्या पडल्या किंवा थंडी वाजून ताप आला तर मात्र ते चालायचं नाही. तापाबद्दल पुढे.

आणि काढताना? लघवीच्या जागेत बधिर करणारी जेली सोडतात, बारीक दुर्बीण मूत्राशयापर्यंत नेतात, चिमट्याने नळीचं टोक पकडतात आणि ओढतात. पुरुषांना जरा जास्त त्रास होतो, कारण त्यांची वाट लांब. पण ओटीच्या दारात "झालं?" असं विचारायच्या आत झालेलं असतं. मिस्टरांना म्हणावं, नळी बाहेर आली की एकदा बघून घ्या. डोळ्यांनी पाहिलं की विसरायला होत नाही.

आता दुर्बिणी.

मराठीत आपण "दुर्बिणीतून ऑपरेशन" म्हणून मोकळे होतो, पण त्या एका शब्दात निदान तीन-चार वेगळी हत्यारं बसलेली आहेत. किडनी म्हणजे आठ-दहा खोल्यांचा वाडा समजा. सगळ्या खोल्या मधल्या चौकात उघडतात, चौकातून एक लांब बोळ खाली मूत्राशयापर्यंत येतो. हा बोळ म्हणजे मूत्रनलिका, २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि रुंदीला ३-४ मिलिमीटर. तुमच्या मिस्टरांचा खडा वाड्याच्या तळघरात आहे. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, बोळातून वर जाऊ. लातूरचे म्हणतात, मागच्या भिंतीला भोक पाडून थेट तळघरात उतरू. दोघं एकमेकांना खोटं पाडत नाहीयेत.

बोळातून जाणाऱ्या दुर्बिणीच्या पद्धतीला डॉक्टर "आरआयआरएस" म्हणतात. ही दुर्बीण लवचिक. सगळ्यात आधी एक गुळगुळीत तार वर सोडतात, एक्स-रेच्या पडद्यावर ती किडनीत पोचलेली बघतात. तारेवरून बहुतेक वेळा एक पोकळ म्यान चढवतात आणि म्यानातून दुर्बीण. जाडी साधारण ८-९ फ्रेंच, म्हणजे आत्ताच्या हिशोबाने ३ मिलिमीटरच्या आसपास. मुठीत धरायचा दांडा, त्यावर अंगठ्यापाशी एक खटका. खटका दाबला की पुढचं टोक विंचवाच्या नांगीसारखं वळतं, इतकं की मागे वळून स्वतःकडेच बघू शकेल. त्या एवढ्याशा नळीत कॅमेरा आहे, दिवा आहे आणि सव्वा मिलिमीटरचा एक पोकळ मार्ग आहे. त्याच मार्गातून सलाइनचं पाणीही सोडायचं आणि लेझरची तारही. लेझरची तार घोड्याच्या शेपटीच्या केसाएवढी. ती खड्याला टेकवून पायाने पेडल दाबलं की पडद्यावर खड्याची धूळ उडताना दिसते, उन्हाच्या कवडशात पीठ उडावं तशी. मी हे हजारदा पाहिलं असेल, तरी दर वेळी मान वळायचीच.

पण दोन अडचणी आहेत, आणि "छिद्र नाही, टाका नाही" एवढंच सांगणारे त्या सांगत नाहीत. पहिली म्हणजे तळघर. तिथे पोचायला दुर्बिणीला जास्तीत जास्त वळावं लागतं आणि नेमकी लेझरची तार आत घातली की तिची वळायची ताकद कमी होते. चांगला सर्जन मग बारीक तारेच्या टोपलीने खडा उचलून वरच्या खोलीत नेऊन ठेवतो आणि तिथे निवांत फोडतो. पण १८ मिलिमीटरचा अख्खा खडा उचलला जात नाही, आधी तिथल्या तिथे थोडा फोडावा लागतो. तळघराची वाट फार अरुंद किंवा फार तिरकी असली तर तेही अवघड.

दुसरी अडचण खड्याच्या आकारमानाची. १८ मिलिमीटर ऐकून वाटतं, ९ मिलिमीटरचे दोन खडे. तसं नाही. गोल खड्याचा व्यास दुप्पट झाला की आतला माल आठपट होतो. म्हणजे लेझरला आठ खड्यांएवढं काम. तेवढा वेळ किडनीत पाणी फिरत राहतं, आतला दाब वाढतो, आणि लघवीत जंतू असतील तर ते त्या दाबाने रक्तात शिरतात. म्हणून समजूतदार सर्जन घड्याळ बघत काम करतो, दीडेक तास झाला की थांबतो आणि उरलेलं दुसऱ्या वेळी घेतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कधीकधी बोळच इतका अरुंद असतो की दुर्बीण वर जातच नाही. अशा वेळी जबरदस्ती केली तर नलिका फाटते. मग डॉक्टर नुसता डीजे घालून बाहेर येतात आणि म्हणतात, दोन-तीन आठवड्यांनी परत करू. नळीमुळे बोळ आपोआप सैल होतो, पुढच्या वेळी वाट मिळते. बाहेर नातेवाईक भडकतात, "पैसे घेतले आणि काहीच केलं नाही!" ताई, तो डॉक्टर हाताला आवर घालणारा निघाला म्हणून देवाचे आभार माना.

लातूरच्या पद्धतीला "पीसीएनएल" म्हणतात. भूल दिल्यावर बहुधा पालथं झोपवतात, एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर बघत पाठीतून सुई नेमकी हव्या त्या खोलीत घालतात, ती वाट थोडी थोडी रुंद करतात आणि सरळ, कडक दुर्बीण आत नेतात. खडा फोडून तुकडे चिमट्याने बाहेर काढतात. पूड लघवीतून पडायची वाट बघायची गरज कमी. मोठ्या खड्याला ही पद्धत एका बैठकीत जास्त साफ करते, म्हणून २० मिलिमीटरच्या वर बहुतेक ठिकाणी पहिली निवड हीच. १० ते २० च्या मध्ये, त्यातून खडा तळघरात असला, तर दोन्ही पद्धती चालतात. तुमचा १८ चा. दोन डॉक्टर दोन गोष्टी का म्हणाले, ते कळलं ना आता?

(तिसरी पद्धत, बाहेरून लहरी मारून फोडायची, दोघांनीही सुचवली नाही ते बरोबरच केलं. तळघरातल्या, आणि बहुधा कडक असलेल्या, एवढ्या खड्याला ती फारशी लागू पडत नाही. तुकडे झाले तरी चढ चढून बाहेर येत नाहीत.)

"छिद्र" म्हणजे केवढं, हेही घरात नीट सांगा. जुन्या पद्धतीत २४ ते ३० फ्रेंच, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर. "मिनी" पद्धतीत १४ ते २० फ्रेंच, करंगळीच्या नखाच्या निम्म्याहून थोडं जास्त. नडियादच्या मूत्रविकार रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये ४.८५ फ्रेंचच्या सुईतूनच बघून खडा फोडण्याची पद्धत मांडली होती. ती लहान खड्यांसाठी, तुम्हाला तिचा उपयोग नाही. पण छिद्रं किती लहान होत गेली हे कळावं म्हणून सांगितलं. मी नोकरीला लागले तेव्हा वॉर्डात असे जुने पेशंट यायचे, ज्यांच्या कुशीपासून पोटापर्यंत वीतभराहून लांब व्रण असायचा. तेव्हा खड्यासाठी किडनी उघडायचे. खडा काढायचा म्हणून मुद्दाम पाठीतून वाट करून दुर्बीण घालण्याचं पहिलं काम स्वीडनमधल्या दोघा डॉक्टरांनी १९७६ मध्ये छापलं. आमच्याकडे ते पोचायला पुष्कळ वर्षं गेली.

पाठीतल्या वाटेचा खरा धोका रक्ताचा. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा या दोन किडन्यांत जातो, इतका तिथे पुरवठा. तिथून वाट काढायची म्हणजे रक्त येणारच. बहुतेकांचं आपसूक थांबतं, काहींना रक्त चढवावं लागतं, क्वचित एखाद्याची रक्तवाहिनी आतून बंद करावी लागते. मिनी पद्धतीत हे कमी. मिस्टरांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. सासऱ्यांची ती गोळी घरात असणारच. ह्यांनाही कुणी दिली असेल तर दोन्ही डॉक्टरांना सांगाच, आणि मनाने बंद करू नका.

तर मग करायचं कुठे? माझं मत विचाराल तर नुसतं "छिद्र नको" एवढ्यावर दुप्पट पैसे मोजू नका. लातूरचे डॉक्टर मिनी पद्धतीने करणार असतील, त्यांचा त्यात हात बसलेला असेल, आणि रात्री काही झालं तर रक्त मिळण्याची आणि आयसीयूची सोय असेल, तर मी माझ्या भावाला तिथेच नेलं असतं. उलट रक्त पातळ करणारी गोळी बंद करता येण्यासारखी नसेल, किंवा सीटी बघून पुण्याचे डॉक्टर म्हणाले की तळघराची वाट रुंद आहे, दुर्बीण आरामात वळेल, तर त्यांचं म्हणणं खरं. मुक्काम कमी, कामावर लवकर परत. दोघांनाही मात्र हे विचारा: एका बैठकीत किती साफ होईल, उरला तर पुढे काय, आणि दुसऱ्या बैठकीचे पैसे वेगळे की त्यातच? असं विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो त्याच्याकडे मी नसते गेले.

सांगितलेल्या रकमेत लेझरचे, म्यानाचे, डीजेचे आणि डीजे काढण्याचे पैसे धरलेत का, तेही कागदावर घ्या. डीजे काढायचे पैसे वेगळे निघाले की लोक टाळाटाळ करतात, आणि मग माझ्या त्या ट्रकवाल्या भाऊंसारखं होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड घेऊन जा आणि यातली कोणती पद्धत योजनेत बसते, ते त्यांनाच विचारा.

नणंदेच्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं. लवचिक दुर्बीण लाखांच्या घरातली वस्तू, ती एकाची दुसऱ्याला वापरतात. पण वापरलेली म्हणजे उष्टी नव्हे. केस संपली की पहिलं काम म्हणजे आतला मार्ग धुवायचा, रक्त सुकायच्या आत. मग गळतीची चाचणी. दुर्बिणीत पंपाने हवा भरायची, काटा बघायचा, पाण्यात बुडवायची. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढताना बघतात तसंच, बुडबुडा आला की ती दुर्बीण बाद. त्यानंतर निर्जंतुक करायची, आणि तीही हलक्या हाताने, कारण लवचिक दुर्बीण प्रेशर कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकली तर संपलीच. ती जंतू मारणाऱ्या गॅसमध्ये किंवा प्लाझ्मा नावाच्या यंत्रात निर्जंतुक करतात. मी मोडलेली बघून रडले म्हणाले, ती मात्र वापरतानाच मोडली. शिकाऊ डॉक्टरने टोक वळलेलं असतानाच लेझरची तार पुढे ढकलली. दुर्बिणीचं टोक सरळ असतानाच तार घालायची असते. तिने आतलं अस्तर फाडलं आणि संध्याकाळी पाण्यात बुडबुड्यांची माळ. आता एकदा वापरून टाकायच्या दुर्बिणीही आल्यात, पुण्याच्या दुप्पट खर्चात ती असूही शकेल. तुम्ही सरळ विचारा: "दुर्बीण परत वापरायची आहे की एकदाच वापरायची? परतवाली असेल तर निर्जंतुक कशावर करता?" आणि एकदाच वापरायची म्हणून बिलात लावली असेल तर तिचं पाकीट समोर फोडायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. यात लाज कसली?

या सगळ्यापेक्षा मला काळजी लघवीच्या कल्चरची, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ते बघायच्या तपासणीची वाटते. मिस्टरांना शुगर आहे. शुगरवाल्यांच्या लघवीत जंतू गुपचूप बसलेले असतात, आगसुद्धा होत नाही. त्या अवस्थेत दुर्बीण घातली की जंतू रक्तात, आणि रात्री पेशंट थंडीने थडथडायला लागतो. चांगली कामं मी यामुळेच बिघडलेली पाहिलीत, दुर्बिणीमुळे नाही. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. "उद्याच करून टाकू" म्हणणारं कुणी भेटलं तर विचारा, "कल्चर आला का?" जंतू निघाले तर आधी गोळ्यांचा कोर्स, मग ऑपरेशन. शुगरही आधी ताळ्यावर आणा.

आणि ऑपरेशनआधी असो की डीजे असताना, थंडी वाजून ताप आणि सोबत कुशीत दुखणं, हे एकत्र आलं की सकाळची वाट बघायची नाही. क्रोसिन देऊन झोपवायचं नाही. लघवी अडलीय आणि मागे पू झालाय, असं धरून चालायचं आणि त्याच रात्री दवाखान्यात जायचं. अशा वेळी डॉक्टर खड्याला हात लावत नाहीत. आधी डीजे घालून किंवा पाठीतून नळी घालून नुसती लघवी मोकळी करतात, खड्याचं नंतर बघतात. "खडा काढायला आलो होतो, हे काय केलं?" असं त्यांच्याशी भांडू नका.

राहिलं सासूबाईंचं माडगं. त्यांच्याशी वाद घालू नका, माडगं चांगलंच असतं. लहान खडा, ४-५ मिलिमीटरचा, पुष्कळदा पाण्याबरोबर आपोआप पडतो आणि श्रेय हुलग्याला, पाषाणभेदाला किंवा पानफुटीला मिळतं. तुमचा १८ चा खडा ३-४ मिलिमीटरच्या बोळातून येणार कसा? विरघळणारे खडे असतात, युरिक ॲसिडचे. ते डॉक्टरांच्या औषधाने लघवीचं आम्लपण कमी केलं की विरघळू शकतात. तुमच्या सीटीच्या रिपोर्टमध्ये "एचयू" असं लिहून एक आकडा असेल. तो हजाराच्या आसपास किंवा वर असेल तर खडा कडक, माडग्याला दाद देणार नाही. पाचशेच्या आत असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा की हा विरघळणाऱ्यातला असेल का. लाखो रुपयांच्या यंत्राने तो आकडा दिलाय आणि बहुतेक घरांत रिपोर्टचा तो कागद कुणी दुसऱ्यांदा उघडतही नाही. आता तुम्ही उघडा.

आणखी थोडंसं. खडा निघाला की तुकडे टाकून देऊ नका, तपासायला द्या, कशाचा बनलाय ते कळतं. दूध बंद करू नका, कॅल्शियम तोडल्याने खडे थांबत नाहीत. लोणचं-पापड-मीठ कमी, आणि पाणी इतकं की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल. लातूरच्या उन्हाळ्यात त्याला किती प्यावं लागेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

दोन्ही डॉक्टरांकडे परत जाताना सीटीचा नुसता कागद नेऊ नका, सीडीही न्या. तळघराची वाट किती तिरकी आहे ते चित्रात दिसतं, कागदावर नाही. पुण्याला करायचं ठरलं तर डीजे लातूरला काढून मिळेल का, ते आधीच ठरवून ठेवा. नळी आत घेऊन एवढा बसचा प्रवास मिस्टरांना नको.